पाहुण्याला हटकू नये

पाहुणा कसा सांभाळावा, हे मला कुणी शिकवायला नको. भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात मी संपर्क विभागात होतो. संपर्क विभागाचं काम म्हणजे आलेल्याला हबीबगंज स्टेशनवरून आणायचं, जाणाऱ्याला हबीबगंजला सोडायचं आणि मधल्या काळात 'भोपाळ फार छान आहे हो' असं त्याच्याकडून वदवून घ्यायचं. ऑडिटवाले, मंत्र्यांचे मेहुणे, एकदा तर वाघासकट आलेला सर्कशीचा मालक, सगळे माझ्या हातून सुखरूप परत गेले. वाघसुद्धा. म्हणून दामले साहेबांनी परदेशी तज्ज्ञाचा विषय काढला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, पाहुणा माझ्यावर सोडा. तुम्ही निश्चिंत दिल्लीला जा."

दुसऱ्याला निश्चिंत राहायला सांगणाऱ्या लोकांचं कधी संमेलन भरलंच, तर स्वागताध्यक्ष मीच.

(रजनी म्हणते, एवढी प्रस्तावना कशाला, मुद्द्यावर या. रजनी माझी बायको. माझ्या खांद्यावरून वाचतेय. ती अशी मधेमधे येणार, तिला इलाज नाही.)

मुद्दा असा, की या गोष्टीत सगळे प्रश्न वेळेवर विचारले गेले. कोण, कधी, काय, किती. एकच विचारायचा राहिला. त्याची जागा मी शेवटी राखून ठेवलीय.

कोण?

त्या काळी दिल्लीला ट्रंककॉल लावला, की पलीकडचा माणूस मोठ्या तलावाच्या तळाशी बसून बोलतोय असं वाटायचं. तसल्याच एका कॉलवर दामले साहेबांना निरोप आला होता. कारखान्यातल्या सगळ्यांत मोठ्या यंत्राला थरथर सुटली होती. इंजिनिअरांनी सगळे उपाय केले. नारळ फोडायचा तेवढा राहिला होता, तोही एका सकाळी कुणीतरी गुपचूप फोडून गेलं. शेवटी यंत्र बनवणारी परदेशी कंपनी आपला तज्ज्ञ पाठवायला तयार झाली.

"खानझोडे, गेस्ट हाउसात जागा नाही," दामले साहेब म्हणाले. साहेब मूळचे पुण्याचे, आणि बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री करून बाहेर काढायचे. "मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न आहे. सगळ्या खोल्यांत व्याह्यांकडची मंडळी आहेत. हा मनुष्य मंगळवारी येईल. त्याला तुमच्या क्वार्टरवर ठेवा."

"नाव काय, साहेब?"

"ट्रंककॉलवर काय डोंबल कळणार? परदेशी आहे एवढं कळलं."

"वय? उंची?"

"खानझोडे, तो तज्ज्ञ आहे. स्थळ नव्हे."

साहेबांनी आवाज खाली आणला.

"अजून एक. तो आधी आपल्या पद्धतीनं सगळं न्याहाळतो म्हणे. त्याच्या मागे लागू नका. यंत्राविषयी अवाक्षर काढू नका. मागच्या तज्ज्ञाला आपल्या लोकांनी प्लॅटफॉर्मवरच इतके प्रश्न विचारले, की तो पुढच्या गाडीनं परत गेला. मी शुक्रवारी येतो, मग यंत्राचं बघू. आणि साइटच्या यादीत तुमचं नाव आहे, हे ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. त्या यादीपायी मी आठवडाभर जेवलो नव्हतो. साइट म्हणजे ऐन जंगलातलं धरण. तिथली शाळा चौथीपर्यंत, आणि आमच्या कमलची तर बोर्डाची परीक्षा मार्चात. बदली झाली असती तर पोरीला नागपूरला मामाकडे ठेवावं लागलं असतं. मामाच्या घरात अभ्यास सोडून सगळं चालतं.

"हा पाहुणा खूश झाला, तर नाव खोडतो," साहेब म्हणाले. "नाहीतर सामान बांधायला घ्या."

मी तडक गेस्ट हाउसवर गेलो. तिथला केअरटेकर गोपीनाथ एका हातात गुलाबदाणी आणि दुसऱ्या हातात कुणाच्या तरी आजोबांची कवळी घेऊन धावत होता.

"गोपीनाथ, परदेशी पाहुणा आला की सरळ माझ्या क्वार्टरवर पाठव."

"गोरा आला की खानझोडे साहेबांकडे. समजलं जी."

गोपीनाथला काम एकदाच सांगावं लागतं. तेच तर नडलं.

कधी?

मंगळवारी दुपारी आमच्या फाटकासमोर भटसुअर थांबलं. भोपाळबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भटसुअर म्हणजे तीन चाकांचा टेम्पो. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, तो स्वतःच आपल्या आवाजात ते उच्चारत येतो. त्यातून एक उंच, तरुण माणूस उतरला. दाढी मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखी. पाठीवर गॅसच्या सिलिंडरएवढी पिशवी. एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.

"बाबा, हा एक्स्पर्ट आहे?" कमलनं विचारलं.

"मोठ्या माणसांचं कपड्यांकडे लक्ष नसतं," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

"गेस्ट हाउस?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

आता आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात? हे आपलंच घर समजा, असंच म्हणतात. मी माझ्या उत्तम इंग्रजीत म्हणालो, "ते गेस्ट हाउस भरलंय. तुम्ही हेच आपलं गेस्ट हाउस समजा."

तो तसं समजला. यात त्याची काही चूक नाही.

"किती?" असं त्यानं बोटं चोळून विचारलं, तेव्हा मला वाटलं हा आमची परीक्षा घेतोय. मी दोन्ही कानांना हात लावले. "ते बघू मग. आधी चहा."

त्याचं नाव योर्गन. रजनीनं ते ऐकलं, क्षणभर विचार केला आणि "योगेन" म्हणून कायमचं करून टाकलं. संध्याकाळपर्यंत त्यानं दोन बादल्या पाण्यानं आंघोळ केली, तीन वेळा चहा घेतला, आणि कमलशी कॅरम खेळताना राणी घालवली. कमल स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "बाबा, कुछ गडबड है. कुकरची शिट्टी झाली तर तो दचकून उभा राहिला. इंजिनिअर कुठं दचकतो?"

"त्यांच्याकडे शिट्ट्या नसतात."

"मग कुकर कसा कळतो?"

"कमल, अभ्यास कर."

काय खाणार?

सगळंच खायचा. गोळाभात खाल्ला, त्यावर कढी प्यायला, पाटवडीचा रस्सा भुरकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तरी त्यानं वाटी पुढे केली. रजनी त्याच क्षणी त्याची झाली.

(रजनी म्हणते, नीट लिहा. त्याची आई झाली, असं लिहा.)

त्याची आई झाली. बुधवारी सकाळी तो तयार होऊन ओसरीत आला. माझी सायकल मागितली. मी दिली. आता हा कारखान्याच्या कोणत्या बाजूला चाललाय, मेन गेटचा पास लागेल की मागच्या गेटचा, एवढंच विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच रजनीनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"हटकू नका," ती दात आवळून म्हणाली.

आमच्याकडे हे फार कडक. घरातून बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की ज्या कामाला निघाला, त्या कामाचं वाटोळं. माझ्या सासूबाईंनी एकदा चोरालाही विचारलं नव्हतं. तो भांडी घेऊन निघाला, तेव्हा त्यांनी फक्त "कोण ते?" म्हटलं.

"अगं, पण साहेबांचा पास माझ्याकडे आहे," मी कुजबुजलो.

"लागला तर मागेल नं तो. चांगल्या कामाला निघाला माणूस. काहून अडवता? पोरीचं वर्ष आहे, लक्षात आहे नं?"

आणि तिनं योर्गनच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. योर्गननं दह्याकडे पाहिलं, रजनीकडे पाहिलं, तळहात चाटला, हात जोडले आणि सायकलवर बसून वळणाआड गेला. मी चालत ऑफिसला गेलो.

संध्याकाळी तो परतला तेव्हा सायकल डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीनं भरलेली. कारखान्यात इतकी लाल माती नाही. पण मनात म्हटलं, यंत्राच्या पायापर्यंत पोचलेला दिसतोय, खणून पाहिलं असेल. जेवताना मी फक्त एवढंच म्हणालो, "दिवस कसा गेला?" हे विचारायला हरकत नसते, कारण माणूस परत आलेला असतो.

"फार जुनं आहे," योर्गन म्हणाला. "मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जुनं."

"थोडंसं जुनं आहे खरं," मी कारखान्याच्या वतीनं ओशाळलो.

"आणि वरच्या बाजूला तडे गेलेत."

मी घास परत ताटात ठेवला. "तडे?"

"मोठे. हात जाईल एवढे. पण चिंता नको," तो रस्सा भुरकत म्हणाला, "अजून हजारो वर्षं काही होत नाही."

हा उपरोध होता. एवढं मला कळतं. परदेशी माणूस रागावला की असाच गोड बोलतो.

गुरुवारी सकाळी भोंगा वाजायच्या आत मी यंत्रावरच्या विश्वासला गाठलं. विश्वास म्हणजे तिथला इंजिनिअर. त्या यंत्राच्या थरथरीनं आता त्याचे हातही थरथरायला लागले होते.

"विश्वास, तडे आहेत."

"कोण म्हणतं?"

"तज्ज्ञ."

"पण तो आत आलेलाच नाही, खानझोडे साहेब."

"आत न येता कळलं, म्हणून तर तो तज्ज्ञ. आत येऊन तुम्हाला तरी काय कळलं?"

हे मी बोलायला नको होतं. विश्वासच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं यंत्र उघडायचा हुकूम दिला. दुपारपर्यंत वरचं पोलादी झाकण उतरलं. संध्याकाळपर्यंत सगळे भाग जमिनीवर मांडले गेले, लग्नघरी धुतलेली भांडी मांडतात तसे. बॅटऱ्या लावून, भिंगं लावून, बोटं फिरवून सगळ्यांनी तडे शोधले.

एक केसभर तडा सापडेल तर शपथ.

किती जण?

गुरुवारी योर्गन आला तो खुशीत. आज गोल होतं म्हणाला, मोठ्ठं गोल, दगडासारखं भक्कम, तीन बाजूंनी फिरून पाहिलं, चौथ्या बाजूला माकडं होती. मी यंत्राच्या चौथ्या बाजूला कोण कोण काम करतं ते आठवत बसलो. तेवढ्यात तो म्हणाला, "उद्या माझे काही मित्र येताहेत. मी त्यांना या जागेविषयी सांगितलं. पाच जण आहेत. चालतील ना?"

मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला टेकलो.

"रजनी, प्रकरण फार वर गेलंय. अजून पाच तज्ज्ञ येताहेत."

"पाच?" रजनीनं कणकेच्या डब्यात हात घालून अंदाज घेतला. "सगळे योगेनसारखे खातात का?"

"रजनी, माझी नोकरी चाललीय."

"नोकरी चालली तर चालली, घरात आलेला उपाशी नाही जाणार. खाटा आणा."

आमच्या कॉलनीत सगळी क्वार्टर्स एकाच साच्यातली, त्यामुळे कुणाच्या घरात खाट कुठं असते ते डोळे मिटून सांगता येतं. अर्ध्या तासात अंगणात पाच खाटा लागल्या. शेजारच्या सिंधूताईंनी तर खाटेवर पडलेल्या सासऱ्यांना उचलून आरामखुर्चीत ठेवलं आणि खाट मोकळी करून दिली. सासरे काही म्हणाले नाहीत. फक्त जाणाऱ्या खाटेकडे बघत राहिले.

शुक्रवारी सकाळी फाटकावर पुन्हा भटसुअर थांबलं. आधी एक जोडपं उतरलं, दोघांच्या डोक्यावर सारखेच केस. मग डोकं तुळतुळीत केलेली एक मुलगी, तिच्या हातात सतारीचं पिल्लू वाटावं असं वाद्य. मग एक दाढीवाला, ज्याच्या पिशवीतून तवा लोंबत होता. आणि सगळ्यांत शेवटी एक किडकिडीत म्हातारा, कोट घातलेला, हातात चामडी बॅग, दुसरा हात पोटावर.

आणि त्याच वेळी मागून दामले साहेबांची जीप आली. स्टेशनवरून थेट.

साहेबांनी खाटा पाहिल्या. डोकं तुळतुळीत केलेली मुलगी त्यातल्या एकीवर आडवी झाली होती. दाढीवाला आमच्या तुळशीपाशी वाकून, अतिशय आदरानं, तिचं एक पान खात होता.

"खानझोडे, ही काय धर्मशाळा आहे?"

"साहेब, तज्ज्ञ."

"सगळे?"

"प्रकरण गंभीर आहे, साहेब. तडे निघालेत."

साहेबांनी मला बाजूला सारलं आणि योर्गनचा हात हातात घेतला. इंग्रजीतही त्यांनी इस्त्री सोडली नाही. "आमच्या यंत्राविषयी आपलं मत ऐकायला मी उत्सुक आहे."

"कसलं यंत्र?" योर्गन म्हणाला.

मी तेव्हा जे ऐकलं ते असं: आमच्या नळाचं ठिबकणं, जीपच्या इंजिनाचं गार होणं, आणि दूर कुठंतरी आमचं सामान ट्रकमध्ये चढवल्याचा आवाज.

योर्गन डेन्मार्कच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होता. वर्षभर पैसे साठवून, स्वस्तात स्वस्त जागा शोधत तो देश बघत फिरत होता. बुधवारी त्यानं भीमबेटकाच्या गुहांतली चित्रं पाहिली. गुरुवारी सांचीचा स्तूप. गेस्ट हाउस कुणाला विचारलं की सगळे कारखान्याचं दाखवायचे, आणि तिथून एका घाईतल्या माणसानं त्याला इथं पाठवलं.

"मग यंत्र उघडायला कुणी सांगितलं?" साहेब माझ्याकडे वळले. "विश्वासनं ट्रंककॉल करून रडत मला विचारलं, साहेब, तडे सापडत नाहीत, काय करू. कुणाचे तडे, खानझोडे?"

"गुहेतले," योर्गननं मदत केली.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. खोडायला नव्हे, एवढं मला कळलं. मी कमलकडे पाहिलं. ती दारात उभी होती, भूगोलाचं पुस्तक छातीशी धरून. तिचा चेहरा असा, की आता मामाच्या घरचा भूगोल करावा लागणार.

आणि याच वेळी रजनी ओसरीतून कडाडली.

"अहो, भांडा मग. आधी त्या म्हाताऱ्या बाप्प्याला कुणी बसवा नं. तोंड पांढरं पडलं त्याचं."

"ते गोरेच आहेत," मी म्हणालो.

"गोऱ्याचंही पांढरं पडते. हात पहा कुठं आहे त्याचा. पोट धरून उभा आहे केव्हाचा."

तिनं म्हाताऱ्याला दंडाला धरून आत नेलं. जिऱ्याचं ताक दिलं. मग मऊ भात, वर तुपाची धार, मेतकूट. दामले साहेब, योर्गन, मी, सगळे दारात उभे राहून त्याला खाताना पाहत होतो, कारण काही वेळ दुसरं काय करावं कुणालाच सुचेना. भात संपला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला. मग डोळे उघडून दामले साहेबांकडे पाहिलं.

"मी हुबर," तो म्हणाला. "तुमच्या यंत्रासाठी आलोय. मंगळवारपासून मी स्वतःला शोधतोय."

कसं?

असं:

मंगळवारी योर्गननंतर तासाभरानं हुबर साहेब गेस्ट हाउसवर पोचले. गोपीनाथनं हात जोडले आणि जागा नाही म्हणून त्यांना जवाहर चौकातल्या एका लॉजवर पाठवलं. (नंतर मी त्याला जाब विचारला. म्हणाला, "तुम्ही एक गोरा बोलले होते जी. एक पाठवला. दुसऱ्याचं काही बोलले नव्हते.") बुधवारी हुबर साहेब कारखान्याच्या गेटवर गेले. चौकीदार म्हणाला, एक्स्पर्ट साहब तो कब के आ चुके, खानझोडे साहब के घर पे हैं, आप कौन?

"मला आनंद झाला," हुबर साहेब म्हणाले. "मी आलोय, हे कळलं. फक्त मी आहे ते घर कुठं, ते कुणी सांगेना."

लॉजच्या भाजीनं त्यांचं पोट बिघडलं. गुरुवारी जवाहर चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांना योर्गन भेटला आणि त्यानं एका गेस्ट हाउसचं इतकं वर्णन केलं, की मरायचं तर तिथंच मरावं असं हुबर साहेबांना वाटलं.

"मी खोटं नाही बोललो," योर्गन आम्हा सगळ्यांना म्हणाला. "मी पुष्कळ देश फिरलो. सगळीकडे विचारतात: कुठून आलास, कुठे चाललास, केव्हा जाणार. इथं सकाळी तुम्ही मला काहीच विचारलं नाही. हातावर दही ठेवलंत. मला वाटलं, या लोकांचा माणसावर विश्वास आहे."

रजनीनं पदरानं डोळे टिपले.

(रजनी म्हणते, कांदा चिरत होते. मी सांगतो, कांदा नव्हता.)

हुबर साहेब आता तरतरीत झाले होते. त्यांनी बॅगेतून चष्मा काढला. "पहिली गोष्ट म्हणजे यंत्र पूर्ण उघडावं लागेल. त्याशिवाय मी हात लावणार नाही. तुमच्या लोकांना यात किती दिवस जातील?"

दामले साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. एखादं गळकं धरण अचानक भरलेलं दिसावं तसं.

"उघडलेलं आहे," ते म्हणाले.

"अरे वा. कुणी सुचवलं?"

साहेबांनी हातातलं पेन खिशात परत ठेवलं. "आमचे खानझोडे. फार पुढचा विचार करणारे गृहस्थ."

मी नम्रपणे जमिनीकडे पाहिलं. जमिनीनंही मला काही विचारलं नाही.

"गेस्ट हाउसातलं वऱ्हाड आज निघतंय," साहेब पुढे म्हणाले. "आपली खोली तयार करून घेतो."

"नको," हुबर साहेब म्हणाले आणि भाताची वाटी रजनीपुढे केली. "मी इथंच राहीन. दर तीन महिन्यांनी यायचंय मला, तेव्हाही इथंच. या घरात मी आलोय, यावर सगळ्यांचं एकमत आहे."

जीपमध्ये बसताना दामले साहेबांनी मला खूण केली. "खानझोडे, संध्याकाळचा भोंगा वाजायच्या आत ऑफिसात या. यादी आजच्या टपालानं जाते. तुमच्यासमोर नाव खोडतो."

कुठे?

चार वाजता मी निघालो. नवा शर्ट. रजनीनं हातावर दही ठेवलं, या खेपेला चमचाभर नव्हे, पळीभर. कमलनं भूगोलाचं पुस्तक बंद करून मला नमस्कार केला, जसा काही मीच परीक्षेला निघालोय. मी फाटकाचा खटका उघडला.

"भाऊ, कुठे?"

पहिल्या खाटेवरचं जोडपं एका सुरात हसत होतं. दुपारभर बसून त्यांनी कमलकडून दोन शब्द शिकून घेतले होते, आणि ते वापरायला त्यांना माझ्याहून चांगला माणूस दिसला नाही.

"हटकलं," रजनी ओसरीतून म्हणाली. "आत या. बसा. पाणी प्या. मग निघा."

"अगं, भोंगा वाजेल."

"पोरीचं वर्ष आहे. मी नाही हो धोका घेणार."

मी आत गेलो, बसलो, पाणी प्यायलो, दही पुन्हा घेतलं. दुसऱ्या खाटेपाशी पोचलो. तुळतुळीत डोक्याच्या मुलीनं वाद्याची तार छेडली.

"भाऊ, कुठे?"

आत. पाणी. दही.

तिसऱ्या खेपेला मला दाढीवाल्यानं गाठलं. तो तर प्रेमानं माझा हातच धरून बसला. चौथ्या खेपेला मी रजनीला म्हणालो, माझ्या पोटात आता इतकं दही आहे, की चाललो तर लोणी निघेल. मग मी मागच्या दारानं निघालो, परसातली कोथिंबीर तुडवली, मेंदीच्या कुंपणातून नवा शर्ट फाडून बाहेर पडलो. सायकल योर्गन घेऊन गेला होता. मी सोनागिरीच्या रस्त्यानं पळत सुटलो. वाटेत शिफ्ट सुटल्यासारखे सगळे सायकलवाले माझ्याकडे बघत होते, आणि प्रत्येक ओळखीचा माणूस तोंड उघडतोय असं दिसलं की मी दोन्ही कानांत बोटं घालत होतो.

भोंगा वाजला तेव्हा मी दामले साहेबांच्या दारात होतो. ते कपाटाला कुलूप लावत होते.

"साहेब," मी धापा टाकत म्हणालो, "यादी."

"गेली."

मी दाराची चौकट धरली. "आणि माझं नाव?"

"ते मी आल्या आल्याच खोडलं," साहेब म्हणाले. "तुम्ही समोर असायलाच हवं असं थोडंच होतं? आणि खानझोडे, शर्टाला ही कोथिंबीर कसली?"

मला इतकं हलकं वाटलं, की घरी मी चालत आलो की तरंगत, ते आठवत नाही. रजनीला सांगितलं तेव्हा ती पिठाच्या हातानंच माझ्या गळ्यात पडली, कमलनं भूगोलाचं पुस्तक हवेत उडवलं, आणि काय झालं ते न कळताही अंगणातल्या खाटांनी टाळ्या वाजवल्या. हुबर साहेबांनी त्या आनंदात अजून एक वाटी भात मागितला.

दिवेलागणीला लक्षात आलं, की माझ्या पलंगावर हुबर साहेब आहेत, दिवाणावर योर्गन, अंगणातल्या पाचही खाटांवर पाहुणे आणि त्यांच्या पिशव्या पसरलेल्या, आणि रजनी-कमल आतल्या खोलीत. मी उशी काखेत मारली आणि शेजारी सिंधूताईंच्या ओसरीत जागा मिळते का बघायला निघालो. त्यांच्या पायरीवर पाऊल ठेवलं. आरामखुर्चीत, आपल्या खाटेवाचून महिना काढल्यासारखा चेहरा करून, त्यांचे सासरे बसले होते. खाट गेल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते.

"काय खानझोडे," ते म्हणाले, "कुठे?"

मी मुकाट्यानं परत फिरलो, आमच्या पायरीवर बसलो आणि आत हाक मारून पाणी मागितलं. उशी मांडीवर, पाठ दुखत होती, डास चावत होते. पण पायरी भोपाळची होती.